वाडा कुठाय?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा मला फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू आयटीतली आहेस, एआयवर बोल. पंधरा मिनिटं." मी म्हटलं, एआयवर बोलू शकणारे आपल्या बॅचमध्ये निदान दहा जण आहेत आणि ते जेवणाच्या रांगेत तेच बोलणार आहेत. मला लहान मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांवर बोलू द्या. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग आवाज आला, "बरं, पण शाळेशी काहीतरी संबंध लाव."

संबंध लावायला मला फार लांब जावं लागलं नाही. बाई, तुम्ही समोर बसला आहात म्हणून सांगते. आपण चौथीत असताना तुम्ही आम्हाला शनिवारवाड्याला नेलं होतं. जोड्या करून, हात धरून, पायी. दिल्ली दरवाज्यासमोर तुम्ही विचारलंत, "वाड्याला दरवाजे किती आणि कोणते?" मी हात वर करून एका दमात म्हटलं होतं, "पाच. दिल्ली दरवाजा, मस्तानी दरवाजा, खिडकी दरवाजा, गणेश दरवाजा, नारायण दरवाजा." तुम्ही शाबासकी दिलीत. मग आम्ही आत गेलो, हिरवळीवर बसून चिवडा खाल्ला आणि परत आलो.

ते पाच दरवाजे मला अजून पाठ आहेत. पण आत काय पाहिलं ते आठवायला गेले की हिरवळ आठवते आणि चिवडा आठवतो. आत वाडा नव्हता. चाळीस-पन्नास मुलं वाडा बघायला गेली, आत वाडा नव्हता, आणि आमच्यापैकी एकानंही विचारलं नाही की तो गेला कुठे. विचारायचं सुचलंच नाही, कारण परीक्षेत दरवाजे येणार होते.

त्यानंतर पंचवीसेक वर्षांनी मी माझ्या मुलीला तिथे घेऊन गेले. ती पाच वर्षांची होती. मी मोठ्या उत्साहानं तो दरवाजा दाखवला, त्यावरचे अणकुचीदार खिळे दाखवले, हत्तींनी धडक देऊ नये म्हणून ते असतात हे सांगितलं. आत गेलो. तिनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं आणि विचारलं, "आई, वाडा कुठाय?"

मी म्हटलं, "हाच की."

"ही भिंत आहे. वाडा कुठाय?"

माझं आजचं बोलणं या प्रश्नाबद्दल आहे.

त्या वेळी आमच्या घरी पत्त्यांसारखी कार्डं होती. एका बाजूला देशातल्या प्रसिद्ध वास्तूचं चित्र, दुसऱ्या बाजूला नाव आणि गाव. ताजमहाल, आग्रा. कुतुबमिनार, दिल्ली. चारमिनार, हैदराबाद. पाहुणे आले की आम्ही मुलीला बोलावून तिच्याकडून म्हणून घ्यायचो. तिची एकच चूक नेहमी व्हायची. गेटवे ऑफ इंडियाला ती इंडिया गेट म्हणायची आणि इंडिया गेटला गेटवे. सगळे हसायचे. एकदा मी तिला फरक समजावून सांगायला बसले आणि लक्षात आलं की एक मुंबईत आणि एक दिल्लीत, यापलीकडे मलाच काही सांगता येत नाहीये.

मग शोधलं. गेटवे उभारला तो राजासाठी. पाचवा जॉर्ज १९११ साली मुंबईच्या धक्क्यावर उतरला, त्याची ती आठवण. पण कमान पूर्ण झाली १९२४ साली. राजा आला तेव्हा तिथे दगडी कमान नव्हतीच, त्याला पुठ्ठ्याची प्रतिकृती पाहायला मिळाली असं सांगतात. आणि गंमत म्हणजे, ज्या साम्राज्याच्या राजाच्या स्वागतासाठी ती बांधली, त्या साम्राज्याच्या सैन्याची शेवटची तुकडी २८ फेब्रुवारी १९४८ रोजी त्याच कमानीतून बाहेर पडून बोटीत चढली. इंडिया गेट मात्र सैनिकांसाठी आहे. पहिल्या महायुद्धात आणि त्यानंतरच्या अफगाण युद्धात कामी आलेल्यांचं ते स्मारक, १९३१ साली पूर्ण झालेलं. त्याच्या दगडावर तेरा हजारांहून जास्त नावं कोरलेली आहेत.

हे मी मुलीला एवढ्याच शब्दांत सांगितलं: "ही राजाची कमान, ही शिपायांची." त्यानंतर तिची चूक पुन्हा कधी झाली नाही. पाठांतर करून जे जमलं नव्हतं ते एका वाक्यानं जमलं, कारण त्या वाक्यात माणूस होता.

मग मी असं पुस्तक शोधायला लागले. आपल्या लहानपणी आपल्याला काय मिळालं ते आठवून बघा. बालभारतीचं 'किशोर' होतं, ते १९७१ पासून निघतंय. अमर चित्रकथा होत्या. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली पातळ, स्वस्त पुस्तकं शाळेच्या कपाटात होती. कपाटाला कुलूप होतं, पण पुस्तकं होती. आणि चौथीचं शिवछत्रपतींचं पुस्तक तर आपल्या सगळ्यांच्या अंगात भिनलेलं आहे. या सगळ्यांत गोष्टी होत्या, माणसं होती. वास्तूंवरची पुस्तकं शोधायला गेले तेव्हा मात्र दुकानांत मला बहुतेक एकाच तऱ्हेची मिळाली. वर फोटो, खाली परिच्छेद. कोणी बांधलं, केव्हा बांधलं, उंची किती, आणि शेवटी 'आपल्याला याचा अभिमान वाटला पाहिजे.' अभिमान वाटला पाहिजे हे वाक्य वाचून कुठल्याही सहा वर्षांच्या मुलाला अभिमान वाटलेला मी पाहिलेला नाही.

चित्रांचं पुस्तक कसं असतं हे मला दोन ठिकाणी कळलं. एक तर आपल्या पुण्यातच. माधुरी पुरंदरे यांची 'राधाचं घर' ही छोटी छोटी पुस्तकं मी मुलीसाठी आणली होती. त्यात घरातली माणसं आहेत, बाकी काही नाही. पण शब्द जे सांगतात ते चित्र पुन्हा सांगत नाही, चित्र वेगळं काहीतरी सांगतं. मूल चित्र वाचतं, मोठं माणूस अक्षरं वाचतं आणि दोघं मधे कुठेतरी भेटतात. दुसरं ठिकाण म्हणजे कंपनीच्या कामासाठी मी काही महिने अमेरिकेत होते, तिथलं सार्वजनिक ग्रंथालय. तिथे डेव्हिड मॅकॉले यांचं 'कॅथेड्रल' हे १९७३ सालचं पुस्तक हाती लागलं. एका काल्पनिक फ्रेंच गावात एक मोठं चर्च उभं राहतं, एवढीच गोष्ट, सगळी रेषांनी काढलेली. पण त्यात पाया खणणारे आहेत, दगड घडवणारे आहेत, सुतार आहेत, त्यांची हत्यारं आहेत. पाया घालणाऱ्यांना पुरं झालेलं चर्च बघायला मिळत नाही, इतकी वर्षं काम चालतं. मी ते उभ्या उभ्या वाचून संपवलं आणि मनात आलं, असं शनिवारवाड्याचं का नाही?

आता मी इंजिनीअर. इंजिनीअरला काही सुचलं की तो आधी ॲप करतो. मीही केलं. सहा महिने रात्री बसून. बोटानं वाडा फिरवता यायचा, दरवाजा दाबला की माहिती यायची. मुलीनं तो चार वेळा गरगर फिरवला, हसली आणि दुसरा खेळ उघडला. ॲपमध्ये तांत्रिक चूक काही नव्हती. ते तिच्याशी बोलत होतं, त्यामुळे मी तिच्याशी बोलायची गरज उरली नव्हती, आणि तिला विचारायचं होतं ते विचारायला समोर कोणी नव्हतं.

मग माझी नणंद मदतीला आली. तिला चित्रकला येते, मला येत नाही. आम्ही दोघींनी मिळून सोळा पानांचं पुस्तक केलं. अप्पा बळवंत चौकातून रंगीत प्रिंट काढून, स्पायरल बाइंडिंग करून पाच प्रती आणल्या. पहिल्या पानावर भव्य सात मजली वाडा, शेवटच्या पानावर फडकणारा झेंडा, मधे तारखा. मला ते फार आवडलं होतं. ते घेऊन मी दर शनिवारी एका महापालिकेच्या शाळेत जायला लागले. तिसरी-चौथीची मुलं, वीस-बावीस. बऱ्याच जणांचे आईवडील कामासाठी पुण्यात आलेले. काहींच्या घरी मराठी बोलतच नाहीत.

माझ्या व्यवसायात प्रोग्रॅममधल्या चुका शोधणाऱ्याला टेस्टर म्हणतात. चांगला टेस्टर मिळणं भाग्याचं असतं. मला एकदम बावीस मिळाले.

पहिल्याच दिवशी एका मुलानं सात मजली वाड्याच्या चित्रावर बोट ठेवून विचारलं, "बाई, हे बांधणारी माणसं कुठंयत?"

मी म्हटलं, "बाजीराव पेशव्यांनी बांधला ना. शनिवार, १० जानेवारी १७३० रोजी पाया घातला. शनिवारी, म्हणून शनिवारवाडा."

तो म्हणाला, "त्यांनी नाय बांधला. त्यांनी सांगितला. बांधला कुणी?" आणि थोडं थांबून म्हणाला, "माझे पप्पा पण बिल्डिंगा बांधतात. बांधून झाली की आत सोडत नायत."

मी त्या दिवशी घरी आले आणि चित्राकडे बघत बसले. सोळा पानांत एकही गवंडी नव्हता. पेशवे होते, घोडे होते, झेंडा होता. त्या मुलाच्या बापाला उभं राहायला कुठे जागाच नव्हती.

पुन्हा वाचायला बसले. वाड्याचं सागवान जुन्नरच्या जंगलातून आलं, दगड चिंचवडच्या खाणींतून, चुना जेजुरीच्या बाजूचा. ही सगळी गावं मुलांच्या ओळखीची. त्यांची मामे-मावशा तिथे राहतात, बस तिथे जाते. आम्ही नवीन दुहेरी पान केलं. तीन दिशांनी बैलगाड्या येताहेत आणि मधे चुन्याची घाणी आहे. बैल गोल फिरतो, दगडी चाक फिरतं, चुना मळला जातो. घाणीपाशी एक माणूस उभा आहे, त्याच्या शेजारी एक मुलगा. शब्द अगदी थोडे. पुढच्या शनिवारी त्या पानावर आम्ही पाऊण तास होतो. एकाची आजी जेजुरीची निघाली. सिमेंट नव्हतं तर भिंत टिकली कशी यावर वाद झाला. आणि प्रश्न विचारणारा मुलगा त्या गवंड्याकडे बघून म्हणाला, "ह्याला डोक्याला काय बांधलंच नाय. ऊन लागंल." नणंदेनं मुंडासं काढून दिलं.

दुसरी चूक एका मुलीनं पकडली. माझ्या पुस्तकात वाडा उभा होता आणि शेवटच्या पानावरही उभाच होता. सहलीला गेल्यावर तीसुद्धा म्हणाली, "बाई, पुस्तकातला वाडा कुठाय?" माझ्या मुलीचाच प्रश्न, आणि मी पुस्तक केलं तेव्हा तोच विसरले होते. खरं सांगायचं तर विसरले नव्हते. आगीचं पान मी मुद्दाम टाळलं होतं. मुलांना वाईट वाटेल, असं मला वाटलं होतं.

फेब्रुवारी १८२८ मध्ये वाड्याला आग लागली आणि लाकडी भाग जळून गेला. उरले ते दगडी तट, दरवाजे आणि जोती. ते पान आम्ही घातलं. डावीकडे जळणारा वाडा, उजवीकडे आज उरलेली जोती, दोन्ही चित्रं एकाच मापानं, म्हणजे बोट ठेवून सांगता यावं की दिवाणखाना इथे असेल. मुलांना वाईट वाटलं. वाटायलाच हवं होतं. पण त्यानंतरच्या सहलीत ती जोत्यांवरून फिरत होती, पायांनी खोल्या मोजत होती, सोळा पाकळ्यांच्या हजारी कारंज्याभोवती बसून पाकळ्या मोजत होती. आम्ही हिरवळीवर बसलो होतो, त्याच जागेवर.

आता पुण्याचं मूल म्हटल्यावर तिसरा प्रश्न येणारच होता. "बाई, रात्री भूत ओरडतं ना? काका मला वाचवा?" मी पुन्हा टाळायला बघितलं. पण मी न सांगितल्यामुळे ती गोष्ट थांबत नव्हती, चौथीतली एक मुलगी ती मधल्या सुट्टीत रंगवून रंगवून सांगत होती, तिच्या गोष्टीत दहा-बारा भुतं झाली होती. मग मी सरळ सांगितलं. नारायणराव पेशवे अठरा वर्षांचे होते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, भर दुपारी गारद्यांनी त्यांना मारलं. घरातल्याच माणसांतलं भांडण होतं. पुस्तकात आम्ही फक्त एक रिकामी ओसरी काढली आणि तिथे पडलेला एक जोडा. वर्ग गप्प झाला. मग एकानं हळूच विचारलं, "अठरा म्हणजे माझ्या दादाएवढा?" त्यानंतर भुताचा विषय कोणी काढला नाही.

शनिवारवाड्यावरच थांबले असते, पण मुलांनीच विचारलं, "आता पुढचं कुठलं?" मी आगाखान पॅलेस घेतला. आपल्याकडे राष्ट्रीय स्मारक म्हटलं की आपण दिल्लीकडे बघतो. नगर रस्त्यावरून आपण रोज जातो, सिग्नलला थांबतो, आणि पलीकडे राष्ट्रीय महत्त्वाचं संरक्षित स्मारक असतं. १८९२ साली तिसऱ्या आगाखानांनी तो बांधला, दुष्काळात आसपासच्या लोकांना काम मिळावं म्हणून. हे मी आधी सांगितलं. गवंड्याचा मुलगा लगेच ताठ बसला.

मग १९४२. ऑगस्टमध्ये 'छोडो भारत'ची हाक दिल्यावर गांधीजींना पकडून इथे ठेवलं. बरोबर महादेवभाई देसाई, सरोजिनी नायडू, मीराबेन, काही दिवसांत कस्तुरबाही. पान उलटून मी चित्र दाखवलं: कमानी, व्हरांडे, बाग. एक मुलगी म्हणाली, "बाई, जेल इतका छान कसा?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. मी काहीतरी म्हणाले, मोठे नेते होते वगैरे. ते मलाच पटलं नाही. तेवढ्यात मागून एक मुलगा बोलला, "पण बाहेर जायचं नाय ना. लॉकडाऊनसारखं."

कोविडनंतर शाळा सुरू होऊन थोडेच महिने झाले होते. वर्गात एकदम गलका झाला. आम्ही सात जण एका खोलीत होतो. आमच्या आजोबांना दवाखान्यात नेलं, मग दाखवलंच नाही. आम्ही गावाला चालत गेलो होतो. मी पुस्तक मिटलं आणि ऐकत राहिले. त्यांचं बोलून झाल्यावर पुन्हा उघडलं आणि पुढचं पान वाचलं. इथे आल्यावर सहाच दिवसांनी, १५ ऑगस्ट १९४२ रोजी, महादेवभाई गेले. गांधीजींनी इथे एकवीस दिवसांचा उपवास केला. आणि २२ फेब्रुवारी १९४४ रोजी कस्तुरबा गेल्या, याच बंगल्यात, कैदेतच. गांधीजींना सोडलं ते त्यानंतर, ६ मे रोजी. ज्याचे आजोबा गेले होते त्या मुलानं विचारलं, "त्यांना तरी बघायला मिळालं ना?" मी म्हटलं, हो, ते शेजारीच होते. तो म्हणाला, "मग बरं."

कस्तुरबांची आणि महादेवभाईंची समाधी तिथेच आवारात आहे. आम्ही गेलो तेव्हा मुलांनी बंगल्याकडे पाच मिनिटं बघितलं आणि समाधीपाशी अर्धा तास बसली. त्यांना कोणी शांत बसा म्हटलं नव्हतं.

तिसरं पुस्तक सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांचं. गंज पेठेतल्या फुले वाड्याचं पान अवघड गेलं नाही, कारण तिथला हौद स्वतःच गोष्ट सांगतो. १८६८ साली जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला. ज्या मुलांच्या वस्तीत पाण्याच्या टँकरपुढे रांग लागते त्यांना पाणी नाकारणं म्हणजे काय हे वेगळं समजवावं लागत नाही. अवघड होता तो भिडे वाडा, जिथे १८४८ साली फुल्यांनी मुलींची शाळा काढली. आम्ही काढलेल्या चित्रात एक बाई शाळेकडे चालली आहे आणि तिच्या पिशवीत दुसरं लुगडं आहे. अंगावरच्या लुगड्यावर लोक शेण फेकत, म्हणून शाळेत जाऊन बदलायला. चित्रात आम्ही शेण दाखवलं नाही, फक्त पिशवीतलं लुगडं. का नेतेय, हे मुलांनीच शोधून काढलं.

आणि डिसेंबर २०२३ मध्ये तो मोडकळीला आलेला वाडा राष्ट्रीय स्मारक बांधण्यासाठी पाडला गेला. त्याआधी कित्येक वर्षं तो कोर्टकचेऱ्यांत अडकला होता, हे तुम्हाला माहीतच आहे. तुमच्यापैकी कित्येक जण दगडूशेठच्या दर्शनाला गेलात तेव्हा समोर तो होता. किती जणांनी मान वळवून पाहिला? मी नव्हता पाहिला. चित्र काढायचं ठरलं तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

नंतरच्या वर्षी नव्या मुलांना ते पुस्तक वाचून दाखवलं आणि नेहमीचा प्रश्न आला, "बाई, तो वाडा कुठाय?" या वेळी मी गडबडले नाही. म्हटलं, "आता तिथे नाही. तिथे स्मारक होणार आहे. वाडा या चित्रात आहे, आणि तुम्ही मुली शाळेत बसल्या आहात, त्यात आहे." एक मुलगी वर्गातल्या मुली मोजायला लागली. "बाई, तेरा."

मित्रमैत्रिणींनो, माझं शिकणं एवढंच आहे. मुलांना वास्तू शिकवायची तर चित्रात त्यांना उभं राहायला जागा हवी. जे जळलं, पडलं, ज्याची लाज वाटते, तेही त्यांना सांगावं लागतं, नाहीतर प्रत्यक्ष जागेवर गेल्यावर आपण खोटे पडतो. आणि शेजारी बसलेलं एक मोठं माणूस हवं, ज्याला 'थांब, मी शोधून सांगते' म्हणायला लाज वाटत नाही.

हे आपल्याला नवीन आहे असंही नाही. दिवाळीत आपण किल्ले करायचो की. कोणी उंची सांगायचं नाही, सनावळ्या विचारायचं नाही. माती, दगड, पोती. अळीव पेरून झाडी. गुहेत वाघ. दरवाज्यात उभा मावळा दरवाज्यापेक्षा उंच. आमच्या वाड्यातल्या एकानं तर सिंहगडावर हेलिकॉप्टर उतरवलं होतं, तो इथे समोर बसून हसतोय. पण तानाजी कुठून चढले असतील यावर आपण भांडलो होतो. ते भांडण मला पाठ करावं लागलं नाही.

आता मुद्द्याचं. आपल्या बॅचच्या निधीतून शाळेला स्मार्ट बोर्ड द्यायचा असं व्हॉट्सॲप ग्रुपवर जवळजवळ ठरलं आहे. त्याला माझा विरोध नाही. माझं पोट त्याच धंद्यावर चालतं. पण शाळेत मी मागच्या महिन्यात जाऊन आले. आपल्या वेळी तुकडीत साठ मुलं असायची, आता वीस आहेत. बरीचशी मुलं कामासाठी पुण्यात आलेल्या घरांतली, काहींच्या घरी कन्नड, काहींच्या घरी हिंदी. ही मुलं पुण्याची होणार की फक्त पुण्यात राहणार, हे या काही वर्षांतच ठरतं. अक्षर कच्चं असलं तरी चित्र त्यांना वाचता येतं, हे मी बघितलं आहे.

म्हणून माझी मागणी अशी: निधीतला थोडा भाग चित्रांच्या पुस्तकांच्या एका उघड्या फळीसाठी ठेवा. काच नको आणि कुलूप नको. आणि पैशांपेक्षा जास्त म्हणजे, महिन्यातला एक शनिवार, एक तास, प्रत्येकानं. मी यादी करून आणली आहे, चहाच्या टेबलावर पेनासकट ठेवली आहे. चित्र काढता येणारे हवेत, गोष्ट सांगता येणारे हवेत, आणि मुलांना घेऊन रस्ता ओलांडू शकणारे तर फारच हवेत. त्या तिन्ही पुस्तकांच्या प्रतीही तिथे आहेत. चुका सापडल्या तर सांगा, सापडतीलच.

बाई, शेवटी तुमच्याशी. तुम्ही पाठ करून घेतलेले पाच दरवाजे वाया गेले नाहीत. ते पाठ होते म्हणून तर मी मुलीला पुन्हा तिथे नेलं. फक्त आत जायचं राहिलं होतं. या डिसेंबरात आपल्या शाळेची चौथी शनिवारवाड्याला न्यायची आहे, जोड्या करून, हात धरून, पायी. तुमचे गुडघे दुखतात हे मला माहीत आहे. तुमच्यासाठी रिक्षा करू. पण तुम्ही यायचंच. कोणीतरी विचारेल, वाडा कुठाय, तेव्हा तुम्ही शेजारी हव्या आहात.